पहिल्या पातळीनंतरचं स्पॅनिश: विद्यापीठात पुढे शिकणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

तुम्हाला स्पॅनिशमध्ये स्वतःची ओळख करून देता येते, वेळ सांगता येते, वर्तमानकाळातली नेहमीची क्रियापदं चालवता येतात आणि आता विद्यापीठात दुसऱ्या-तिसऱ्या पातळीच्या वर्गात बसायचंय, असं असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. अगदी श्रीगणेशा करायचा असेल तर हा सध्या बाजूला ठेवा, कारण तिथल्या अडचणी वेगळ्या असतात.

मी या वाटेने गेले आहे आणि चांगल्या हुशार मुलांना नेमकं याच टप्प्यावर अडखळताना पाहिलंय. पहिल्या पातळीवर पाठांतरावर भागतं. धडा संपला, शब्द पाठ झाले, परीक्षेत गाळलेल्या जागा भरल्या, की गुण मिळतात. पुढच्या वर्गात कोणी विचारलं, ‘भूतकाळ झालाय का?’ तर सगळे ‘झालाय’ म्हणतात. ‘मग काल काय केलंत ते सांगा’ म्हटलं की खाली बघतात. भाषेत ‘झालंय’ आणि ‘येतंय’ यांच्यात मोठं अंतर असतं, आणि विद्यापीठातल्या मधल्या पातळ्या सगळ्या त्या अंतरातच आहेत.

एक सूचना. या लेखात स्पॅनिश शब्द देवनागरीत लिहिले आहेत. तुमच्या वहीत मात्र स्पॅनिश कायम रोमन लिपीतच, आघातचिन्हांसकट लिहा. देवनागरीत उच्चार टिपून ठेवायची सवय लागली असेल तर ती याच सत्रात मोडा.

१. पातळी ठरवताना स्वतःला फसवू नका

बहुतेक विद्यापीठं प्रवेशाआधी पातळी-चाचणी घेतात. पातळ्यांची नावं युरोप परिषदेने (काउन्सिल ऑफ युरोप) २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चौकटीतून येतात: ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२. विद्यापीठांचे वर्ग कधी या नावांनी ओळखले जातात, कधी ‘मध्यम १’, ‘मध्यम २’ असे. नावावर जाऊ नका, त्या वर्गाचा अभ्यासक्रम मागून घ्या आणि सत्राच्या शेवटी विद्यार्थ्याला काय करता आलं पाहिजे ते वाचा.

संगणकावरची पातळी-चाचणी बहुधा पर्याय निवडण्याची असते. चार पर्यायांत बरोबर रूप ओळखता येणं वेगळं आणि ते रूप बोलताना तोंडून निघणं वेगळं. त्यामुळे शब्दसंग्रह चांगला असलेले, इंग्रजीवरून अंदाज बांधू शकणारे विद्यार्थी या चाचणीत हमखास एक पातळी वर जातात आणि तिसऱ्या आठवड्यात गुदमरतात. चाचणीआधी घरी दोन गोष्टी करून बघा. कोश न उघडता मागच्या सुट्टीबद्दल पानभर लिहा. मग फोनवर दोन मिनिटं न थांबता बोलून ध्वनिमुद्रण करा आणि ऐका. लेखनात भूतकाळाची रूपं निम्म्याहून जास्त वेळा बरोबर येत असतील, बोलताना चुका झाल्या तरी वाक्य पूर्ण होत असेल, तर ए२ तुमच्या मागे पडलंय. बी१च्या वर्गात बसा. तसं नसेल तर ए२ पुन्हा करण्यात कमीपणा नाही.

उलटा सापळाही आहे. ‘खालच्या वर्गात बसलं की गुण सोपे’ हा हिशेब करणारे दर वर्षी भेटतात. गुण मिळतात, पण त्याच सत्रात भाषा जिथल्या तिथे राहते आणि पुढच्या वर्गात दुप्पट ओझं येतं. वर्ग बदलायची मुदत साधारणपणे सत्राच्या सुरुवातीलाच संपते, म्हणून पहिल्या दोन-तीन तासांतच निर्णय घ्या आणि शिक्षकांशी स्पष्ट बोला.

घरात स्पॅनिश बोललं जातं असे विद्यार्थी काही ठिकाणी तुमच्याच वर्गात असतील. त्यांचं बोलणं ऐकून दडपून जाऊ नका. त्यांची अडचण शुद्धलेखन आणि औपचारिक लेखन ही असते. जोडीने अभ्यास केलात तर दोघांचा फायदा.

२. आधीच गोळा करून ठेवायच्या गोष्टी

कागदपत्रं:

- आधीच्या स्पॅनिश वर्गांचं गुणपत्रक
- त्या वर्गांचा सविस्तर अभ्यासक्रम: एकूण तास, पाठ्यपुस्तक, शिकवलेलं व्याकरण. श्रेयांक (क्रेडिट) वर्ग करून घेताना नुसतं गुणपत्रक पुरत नाही, आणि हा कागद नंतर मिळवणं फार जिकिरीचं होतं.
- डेले किंवा सिएले (स्पॅनिशची पातळी ठरवणाऱ्या परीक्षा, भाग १० पाहा) यांचं प्रमाणपत्र असेल तर ते
- स्वतःच्या लेखनाचे एक-दोन नमुने. काही विभाग मागतात, आणि मागितले नाहीत तरी पातळीवरून वाद झाला तर तेच कामाला येतात.

साधनं:

- फोन आणि संगणकावर स्पॅनिश कळफलक. आघातचिन्हं, एन्ये (डोक्यावर नागमोडी रेघ असलेला एन) आणि उलटं प्रश्नचिन्ह न थांबता टंकता आलं पाहिजे. ‘नंतर एकदम चिन्हं घालू’ म्हणणाऱ्यांची चिन्हं कायम राहून जातात.
- रेआल आकादेमिया एस्पान्योला, म्हणजे १७१३ मध्ये स्थापन झालेल्या स्पॅनिश अकादमीचा कोश. महाजालावर मोफत आहे आणि क्रियापदाच्या नोंदीसोबत त्याची सगळी रूपंही मिळतात. चुकीच्या तक्त्यांनी भरलेली संकेतस्थळं धुंडाळायची गरज नाही.
- एक चांगला द्विभाषिक कोश. आपल्यापैकी बहुतेकांना इथे इंग्रजीतून जावं लागतं, त्यातले धोके पुढे येतील.
- अकादमीचा कोर्पेस हा भाषासंग्रह. त्यात २००१ पासूनची खरी वाक्यं शोधता येतात. एखाद्या क्रियापदापुढे कोणतं शब्दयोगी अव्यय येतं, हे व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा इथे लवकर कळतं.
- इन्स्तितूतो सेर्बांतेस या स्पॅनिशचा प्रसार करणाऱ्या स्पेनच्या सरकारी संस्थेचा ‘प्लान कुरिकुलार’. ए१ ते सी२ प्रत्येक पातळीवर काय यायला हवं याची ही लांबलचक यादी आहे आणि ती मोफत वाचता येते. सगळी वाचू नका. आपल्या पातळीचं व्याकरण काढा आणि काय येत नाही त्यावर खूण करा.

३. सत्राचा हिशेब मांडा

आठवड्याला ४ तास आणि १५ आठवड्यांचं सत्र धरलं, तर वर्गात मिळतात ६० तास. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजीभाषक अधिकाऱ्यांना स्पॅनिश कामापुरतं यायला सुमारे ३० आठवडे पूर्णवेळ प्रशिक्षण धरते, म्हणजे कित्येक शे तास. वर्गाच्या भरवशावर राहिलात तर पदवी संपेल पण ते तास भरणार नाहीत. म्हणून वर्गातल्या एका तासाला बाहेरचा किमान दीड तास धरा आणि तो रोज थोडा थोडा करा. रविवारी एकदम सहा तास बसण्यात फारसं हाती लागत नाही.

विषय निवडताना मधल्या पातळीवर साहित्य, संस्कृती, भाषाशास्त्र असे पर्याय खुले होतात आणि मोह पडतो. माझं मत: बी१ पूर्ण होईपर्यंत एका सत्रात भाषेचा मुख्य वर्ग आणि फार तर एक विषय-वर्ग घ्या. संभाषणाचा वेगळा वर्ग असेल तर तो आधी घ्या, साहित्य एक सत्र थांबू शकतं.

४. मराठीचा उपयोग करून घ्या

स्पॅनिशची बहुतेक पाठ्यपुस्तकं इंग्रजी येणाऱ्याला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असतात. त्यामुळे ज्या गोष्टी त्यांना अवघड जातात त्यांवर पानंच्या पानं खर्च होतात, आणि आपणही ‘हे अवघड आहे बुवा’ असं धरून चालतो. तसं नसतं.

‘मे गुस्ता’ घ्या. ‘मला पुस्तक आवडतं, मला पुस्तकं आवडतात’ ही रचना स्पॅनिशमध्ये जशीच्या तशी आहे: मे गुस्ता एल लीब्रो, मे गुस्तान लोस लीब्रोस. क्रियापद पुस्तकाप्रमाणे बदलतं, ‘मला’ जागेवर राहतं. इंग्रजीतून विचार करणं सोडलंत की हा धडा पाच मिनिटांचा आहे. माणसाला कर्म करताना लागणारा ‘आ’ही तसाच. आपण ‘पुस्तक पाहिलं’ म्हणतो पण ‘बाईंना पाहिलं’ म्हणतो; स्पॅनिश ‘बेओ एल लीब्रो’ आणि ‘बेओ आ ला प्रोफेसोरा’ म्हणतं. ‘लो इम्पोर्तांते’ मधला ‘लो’ इंग्रजीवाल्यांना छळतो. आपल्याला ‘महत्त्वाचं ते’ मधलं नपुंसकलिंग आठवलं की पुरे.

आता मराठी जिथे पाय ओढते ते. नामांची लिंगं मराठीवरून ठरवू नका. ‘-मा’ने संपणारे ग्रीक मुळाचे शब्द, प्रोब्लेमा, सिस्तेमा, तेमा, पुल्लिंगी असतात आणि ‘मानो’ स्त्रीलिंगी. ‘सेर’ आणि ‘एस्तार’ दोन्हींसाठी आपल्याकडे ‘असणं’ एकच आहे, शिवाय आपला ‘आहे’ आणि ‘असतो’ हा भेद या जोडीशी जुळत नाही, म्हणून तो लावायला जाऊ नका.

सगळ्यात दुर्लक्षित अडचण आघाताची. मराठीत आघात बदलून अर्थ बदलत नाही, त्यामुळे कान तिकडे जातच नाही. स्पॅनिशमध्ये ‘आब्लो’चा पहिल्या अक्षरावर जोर असेल तर ‘मी बोलते’, शेवटच्या अक्षरावर असेल तर ‘तो बोलला’. नियम छोटा आहे. शब्द स्वराने, एन किंवा एसने संपत असेल तर जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर. बाकी व्यंजनांनी संपत असेल तर शेवटच्या अक्षरावर. याला अपवाद असेल तिथे आघातचिन्ह लिहायचं. हा नियम पाठ करा आणि आठवडाभर मोठ्याने वाचताना मुद्दाम लावा. शिक्षक लाल शाईने जी चिन्हं घालतात त्यांतली निम्मी यानेच कमी होतील.

५. भूतकाळ: इथे वेळ घालवा

माझ्या मते मधल्या पातळीचा निकाल इथे लागतो. दोन साधे भूतकाळ, इंदेफिनीदो आणि इम्पेर्फेक्तो, आणि त्यांच्यातून निवड.

आधी नावांचा गोंधळ. ज्याला एका पुस्तकात प्रेतेरितो इंदेफिनीदो म्हणतात त्यालाच अकादमी प्रेतेरितो पेर्फेक्तो सिंप्ले म्हणते. मेक्सिकोत छापलेल्या पुस्तकात इम्पेर्फेक्तोला ‘कोप्रेतेरितो’ म्हटलेलं दिसलं तर घाबरू नका, ती आंद्रेस बेयो या व्याकरणकाराने १८४७ मध्ये मांडलेली नावं आहेत. वहीच्या पहिल्या पानावर ही नावं शेजारी शेजारी लिहून ठेवा.

आता निवड. पुस्तकं सांगतात, लांब चाललेली किंवा सवयीची क्रिया म्हणजे इम्पेर्फेक्तो. ‘लांब’ हा निकष फसवा आहे. ‘मी तिथे तीन वर्षं शिकले’ यात तीन वर्षं असूनही स्पॅनिशमध्ये इंदेफिनीदोच येतो: एस्तुदिए त्रेस आन्योस आयी. काळाला कुंपण घातलं की इंदेफिनीदो. गंमत म्हणजे मराठी कानाला हे आधीच ठाऊक असतं. ‘मी तिथे तीन वर्षं शिकायचे’ असं आपण म्हणतच नाही. तेव्हा वाक्य मराठीत म्हणून बघा. ‘गेले, शिकले, भेटले’ आलं तर इंदेफिनीदो. ‘जायचे’ किंवा ‘जात होते’ आलं तर दोन्हींसाठी एकच इम्पेर्फेक्तो, ‘ईबा’.

काही क्रियापदांचा अर्थ काळाबरोबर पालटतो आणि तिथेही मराठी धावून येते. ‘साबीआ’ म्हणजे मला माहीत होतं, ‘सूपे’ म्हणजे मला कळलं. ‘कोनोसीआ’ म्हणजे ओळखत होते, ‘कोनोसी’ म्हणजे ओळख झाली. ‘नो केरीआ’ म्हणजे इच्छा नव्हती, ‘नो कीसे’ म्हणजे नकार दिला.

मराठी कुठे फसवते? ‘होता’ या शब्दात. ‘घर मोठं होतं’ आणि ‘परीक्षा कठीण होती’ दोन्हीकडे आपण ‘होतं-होती’ म्हणतो. स्पॅनिशमध्ये वर्णन असेल तर ‘एरा’, संपलेल्या प्रसंगावर एकूण शेरा असेल तर ‘फुए’. घराला ‘एरा’, कालच्या परीक्षेला ‘फुए’. हा एक भेद वेगळा घोटा. दुसरी फसगत आपल्या ‘गेले होते’ची. ‘काल मी ग्रंथालयात गेले होते’ हे मराठीत साधं वाक्य आहे. ते तसंच उचलून ‘आबीआ इदो’ लिहिलंत तर वाचणारा थांबतो, की कशाच्या आधी गेली होती? तिथे ‘फुई’ पुरतं. ‘आबीआ’ची रूपं एका भूतकाळाआधीचा दुसरा भूतकाळ दाखवायलाच ठेवा.

अनियमित इंदेफिनीदो (तूबे, एस्तूबे, पूदे, पूसे, सूपे, इसे, दीखे, त्राखे आणि मंडळी) हे पाठच करावे लागतात, त्याला पर्याय नाही. पण अनेकवचनी ‘ते’ची रूपंही बरोबरीने पाठ करा: तुबिएरोन, पुदिएरोन, इसिएरोन, दिखेरोन. का, ते पुढच्याच भागात.

सरावाची एक पद्धत जी खरंच लागू पडते: एक पानी गोष्ट घ्या, भूतकाळाची सगळी क्रियापदं मूळ रूपात करून ठेवा, दुसऱ्या दिवशी स्वतः भरा आणि मूळ मजकुराशी ताडा. जिथे तुमचं उत्तर वेगळं आलं तिथे प्रत्येक वेळी ते चूकच असेल असं नाही. दोन्ही चालतील पण अर्थ हलेल, अशा जागा शिक्षकांना दाखवा. तासभर चर्चा होईल आणि ती तक्त्यांपेक्षा जास्त शिकवेल.

६. सुब्खुंतीवो: भीती कमी, क्रम महत्त्वाचा

सुब्खुंतीवो म्हणजे इच्छा, शंका किंवा अजून न घडलेली गोष्ट सांगताना वापरायची क्रियापदाची वेगळी रूपं. त्याचा बागुलबुवा फार झालाय. वर्तमानकाळातलं रूप तयार करायला ‘मी’चं रूप घ्यायचं, शेवटचा ‘ओ’ काढायचा आणि स्वर बदलायचा: तेंगो, तेंगा. ‘मी’चं रूप ज्यांत ‘ओ’ने संपत नाही ती सहा क्रियापदं वेगळी: सेआ, एस्ते, बाया, आया, सेपा, दे. भूतकाळी सुब्खुंतीवो ‘ते’च्या इंदेफिनीदोतून येतो: तुबिएरोनवरून तुबिएरा. म्हणजे ज्याचा इंदेफिनीदो कच्चा, त्याचा हा धडा आपोआप कच्चा. म्हणून मागच्या भागात त्या रूपांचा आग्रह धरला.

वापराची अडचण अशी की मराठीत त्याला एकच जोडीदार नाही. ‘तू यावंस असं मला वाटतं’ यातला ‘यावंस’ म्हणजे ‘बेंगास’. इथवर सोपं. पण ‘ती येईल असं मला वाटत नाही’ इथे आपण भविष्यकाळ वापरतो आणि स्पॅनिशला सुब्खुंतीवो हवा: नो क्रेओ के बेंगा. ‘तू पोचलास की कळव’ इथे आपण चक्क भूतकाळ वापरतो, स्पॅनिशमध्ये पुन्हा सुब्खुंतीवो: कुआंदो येगेस. तेव्हा मराठी रूपाशी जोडी लावण्याऐवजी तीन ठिकाणं लक्षात ठेवा. एक, दुसऱ्याने काही करावं ही इच्छा, सूचना, भावना. दोन, शंका आणि नकार. तीन, अजून न घडलेली वेळ किंवा अजून न सापडलेली व्यक्ती. ‘स्पॅनिश येणारं कोणीतरी शोधतेय’ यात ते कोणीतरी अजून हवेत आहे, म्हणून सेपा. ‘स्पॅनिश येणारी एकजण माझ्या ओळखीची आहे’ यात ती खरी आहे, म्हणून साबे.

कर्ता एकच असेल तर सुब्खुंतीवो लागत नाही. ‘मला जायचंय’ म्हणजे किएरो इर. ‘तू जावंस असं मला वाटतं’ म्हणजे किएरो के बायास. मराठीतही वाक्याचा सांगाडा इथेच बदलतो, पाहा.

परीक्षेतली नेहमीची चूक ‘सी’, म्हणजे ‘जर’, नंतरची. ‘वेळ असता तर गेले असते’ छापाच्या वाक्यात ‘सी तुबिएरा’ येतं आणि साध्या शक्यतेत ‘सी तेंगो’. ‘सी तेंगा’ लिहू नका.

७. वाचन

पहिल्या पातळीवर प्रत्येक शब्द कोशात पाहिला जातो. ती सवय ठेवलीत तर विद्यापीठातलं वाचन पुरं होणार नाही. पहिलं वाचन कोशाविना करा आणि प्रत्येक परिच्छेदाला चार शब्दांचा मथळा द्या. दुसऱ्या वाचनात फक्त ते शब्द पाहा जे एकाहून जास्त वेळा आलेत किंवा ज्यांच्याशिवाय मथळा देता आला नाही.

इंग्रजीतून जाताना सारख्या दिसणाऱ्या शब्दांपासून जपा. आक्तुआल्मेंते म्हणजे सध्या, आसिस्तीर म्हणजे हजर राहणं, एक्सितो म्हणजे यश, लिब्रेरीआ म्हणजे पुस्तकांचं दुकान. चुकलेल्या शब्दांची स्वतःची यादी करा, छापील यादी डोक्यात राहत नाही.

साहित्याच्या वर्गात ‘कोमेंतारिओ दे तेक्स्तो’ नावाचा प्रकार येतो. हा परीक्षेचा ठरलेला साचा आहे: उतारा कुठला, कोणत्या काळातला, विषय काय, रचना कशी, भाषेची कोणती साधनं वापरली आणि ती विषयाला कशी पोषक आहेत, मग निष्कर्ष. उताऱ्याचा गोषवारा लिहून ठेवणं ही इथली सर्वांत महागडी चूक. ‘रूपक आहे, पुनरुक्ती आहे’ अशी नुसती जंत्री दिली तरी गुण कापले जातात. प्रत्येक साधनाचं काम काय ते लिहावं लागतं.

कवितेत अक्षरं मोजायला लागतील. ओळीत एक शब्द स्वराने संपून पुढचा स्वराने सुरू झाला तर ती दोन अक्षरं एकच धरतात. ओळ शेवटच्या अक्षरावर जोर असलेल्या शब्दाने संपली तर एक मिळवतात, शेवटून तिसऱ्यावर जोर असेल तर एक वजा करतात. आठ अक्षरांपर्यंत ‘आर्ते मेनोर’, नऊपासून ‘आर्ते मायोर’. मात्रा-गणांची ओळख असलेल्यांना हा भाग आवडतो. मजकूर हवे असतील तर १९९९ मध्ये सुरू झालेलं बिब्लिओतेका बिर्तुआल मिगेल दे सेर्बांतेस हे डिजिटल ग्रंथालय मोफत आहे.

८. लेखन

लेखनाची सुधारणा लिहिण्यापेक्षा तपासून आल्यावर होते. कागद परत आला की गुण बघून दप्तरात टाकू नका. चुका चार रकान्यांत मांडा: लिंग-वचन, काळ, सुब्खुंतीवो, शब्दयोगी अव्यय. तीन निबंधांनंतर तुमची खोड कुठली ते उघड दिसतं. पुढचा निबंध देण्याआधी फक्त त्या एका खोडीसाठी एक वाचन करा. सगळ्या चुका एकाच वाचनात शोधणाऱ्याला एकही सापडत नाही.

निबंध मनात मराठीत किंवा इंग्रजीत रचून मग भाषांतर करायला जाल तर वाक्यं तुमच्या आवाक्याबाहेर जातील. मुद्दे आधीच स्पॅनिशमध्ये, तुटक का होईना, मांडा. ‘सिन एम्बार्गो’ (तरीही), ‘एन काम्बिओ’ (उलट), ‘पोर लो तांतो’ (म्हणून) असे वाक्यं जोडणारे आठ-दहा शब्द पक्के करा, चाळीस नकोत.

भाषांतरयंत्रं आणि लेखन करून देणारी साधनं यांबाबत प्रत्येक वर्गाचा नियम वेगळा असतो, तो सुरुवातीलाच विचारून घ्या. नियम सैल असला तरी तोंडी परीक्षेत तुमच्याच निबंधावर प्रश्न येतात, आणि न शिकवलेला काळ सफाईने वापरलेला निबंध शिक्षकांना लगेच कळतो.

९. ऐकणं आणि बोलणं

स्पॅनिश २० हून अधिक देशांत चालते आणि सगळीकडे सारखी वाजत नाही. बहुतेक स्पेनमध्ये ‘तुम्ही’ अनेकवचनी जवळिकीने म्हणताना बोसोत्रोस असतं, अमेरिका खंडात सगळीकडे उस्तेदेस. अर्जेंटिना, उरुग्वे, पाराग्वे आणि मध्य अमेरिकेच्या मोठ्या भागात ‘तू’ऐवजी बोस ऐकू येतं आणि क्रियापदही बदलतं: तेनेस. कॅरिबियन बोलीत अक्षराच्या शेवटचा ‘स’ विरतो. ‘आज मी जेवले’ला माद्रिदमध्ये बहुधा ‘ए कोमीदो’ म्हणतील, मेक्सिकोत ‘कोमी’.

यातलं बोलताना एकच निवडा, शक्यतो तुमच्या शिक्षकांचं. ऐकताना मात्र सगळं ऐका. रोज दहा मिनिटांचा एक तुकडा घेऊन आधी नुसता ऐका, मग लिखित मजकुरासोबत, मग पुन्हा मजकुराविना. मागे रेडिओ लावून दुसरं काम करणं हे ऐकणं नव्हे.

तोंडी परीक्षेसाठी उत्तरं पाठ करू नका, पहिल्या अनपेक्षित प्रश्नाला इमारत कोसळते. त्याऐवजी अडल्यावर वापरायची वाक्यं पाठ करा: ‘पुन्हा सांगाल का’, ‘म्हणजे मला असं म्हणायचंय’, ‘शब्द आठवत नाही, पण तो असतो ना…’. ही वाक्यं सहज आली की परीक्षकाला संभाषण चालू ठेवणारा माणूस दिसतो, आणि त्याला तेच हवं असतं.

१०. प्रमाणपत्र हवं असेल तर

डेले आणि सिएले या दोन परीक्षा सगळीकडे ओळखल्या जातात. डेले एका ठरावीक पातळीची असते, निकाल उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण, आणि प्रमाणपत्राला मुदत नसते. बी१ आणि बी२ला वाचन-लेखनाचा एक गट आणि ऐकणं-बोलण्याचा दुसरा, प्रत्येकी ५० गुण, आणि दोन्हींत स्वतंत्रपणे किमान ३० लागतात. वाचनातल्या गुणांनी ऐकण्याचं खिंडार बुजत नाही, हे नीट लक्षात घ्या. सिएले संगणकावर होते, चार भागांचे मिळून १००० गुण, त्यावरून पातळी सांगतात, आणि निकाल ५ वर्षं ग्राह्य असतो.

लवकर निकाल हवा असेल किंवा पातळीची खात्री नसेल तर सिएले, कायमचं प्रमाणपत्र हवं असेल तर डेले. नाव नोंदवताना ओळखपत्रावर जसं आहे तसंच लिहा, अक्षराचाही फरक नको.

११. परदेशातलं सत्र

स्पॅनिश बोलणाऱ्या देशात एखादं सत्र करण्याची संधी असेल तर निदान बी१ पक्कं करून जा. त्याआधी गेलात तर बाकीच्या परदेशी विद्यार्थ्यांसोबत इंग्रजीतच दिवस जातात. नेहमीच्या विषयांच्या वर्गात तिथल्या विद्यार्थ्यांबरोबर बसायचं तर बी२ लागतं, मग कागदावरची अट काहीही असो.

लागणारे कागद साधारण असे: पारपत्र, तुमच्या विद्यापीठाचं नामांकनपत्र, गुणपत्रक, भाषापातळीचा पुरावा, आणि तिथे घ्यायच्या विषयांचा दोन्ही विद्यापीठांनी मान्य केलेला करार. अधिकृत कागदांवर अपोस्तिल (कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा सरकारी शिक्का) आणि मान्यताप्राप्त अनुवादकाचं भाषांतर मागतात का, ते पहिल्याच पत्रात विचारा. या दोन्हींना वेळ लागतो आणि व्हिसाची तारीख थांबत नाही.

सत्रांच्या तारखाही तपासा. स्पेनमध्ये वर्ष सप्टेंबरच्या सुमारास सुरू होतं, अर्जेंटिना आणि चिलीत मार्चच्या. युरोपीय श्रेयांकात एक श्रेयांक म्हणजे विद्यार्थ्याचे एकूण २५ ते ३० तास, वर्गाबाहेरचे धरून, त्यामुळे सहा श्रेयांकांचा विषय हलका समजू नका. गुणांची पट्टीही वेगळी: स्पेनमध्ये १० पैकी ५ला उत्तीर्ण आणि ९च्या पुढे फार थोडे जातात, चिलीत १ ते ७ची पट्टी आणि ४ला उत्तीर्ण. स्पेनमधला ७ तुमच्या गुणपत्रकात कशात बदलणार, हे जाण्याआधी परीक्षा विभागाकडून लेखी घ्या. आणि तिथे गेल्यावर एखादा विषय बदलावा लागलाच, तर करारातला बदल त्याच आठवड्यात दोन्हीकडून मंजूर करून घ्या. परत आल्यावर ‘हा विषय आमच्या यादीत नाही’ या एका वाक्यावर सत्राचे श्रेयांक अडकलेले मी पाहिलेत.